तांबड्या दोऱ्याची पोती

त्या दुपारी ठमीने पहिल्यांदा माझ्याकडे पाठ फिरवली.

जेवणाच्या सुट्टीत मी धावतपळत पाळणाघरात गेले आणि तिला पाजायला मांडीवर घेतलं. एरवी ही बया माझी चाहूल लागताच पाय झाडायला लागते, जणू मी तिचं काही देणं बुडवून पळून जाणार आहे. त्या दिवशी ती जवळ आली, नाक मुरडलं, तोंड फिरवलं आणि भोकाड पसरलं.

"अगं बाई, आईलाच नापास केलं की!" पाळणाघरातल्या ताई हसल्या. "परीक्षकाची पोरगी शोभते खरी."

मी हसले नाही. कोपरापर्यंत साबण लावून मी दोनदा हात धुतले होते. मानही धुतली होती. तरी मागच्या शेडमधला वास माझ्या केसांत, कपड्यांच्या शिवणीत, नखांच्या कडांत बसला होता. कुजलेल्या मक्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. वरून आंबट, खालून गोडूस, आणि त्याच्याही खाली काहीतरी मेलेलं. तो नाकात शिरत नाही, घशात उतरतो.

ठमीला मी खांद्यावर टाकलं, थोपटलं, तिच्या इवल्याशा टाळूवर ओठ टेकवले. तिचा स्वतःचा वास किती स्वच्छ होता! कोमट, दुधाचा, झोपेचा. या पोरीला माझ्या अंगावर हा असला वास शोधावा लागतो, या विचाराने मला माझीच किळस आली.

मी धान्याच्या सरकारी गोदामात तपासनीस आहे. म्हणजे होते. पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसायची, आतले दाणे ताटलीत ओतायचे, फुटके, काळे, बुरशीचे, किडके वेगळे करायचे, आणि शेवटी हुंगायचं. आमच्याकडे यंत्रं आहेत, पण शेवटचा शब्द नाकाचा. बाळंतपणानंतर माझं नाक इतकं तिखट झालं होतं की शेजारच्या टेबलावर कुणी डबा उघडायच्या आधीच मला त्यातली भाजी सांगता यायची.

माझ्या तपासणीनंतर पोत्याचं तोंड शिवलं जातं. खायच्या धान्याला पांढरा दोरा. खायला नालायक धान्याला तांबडा. पांढऱ्या दोऱ्याची पोती शाळांकडे, दवाखान्यांकडे, आमच्याच आवारातल्या पाळणाघराकडे जातात. तांबड्या दोऱ्याची पूर्वी खड्ड्यात जायची. मग सरकारचं नवं धोरण आलं : पिकापासून इंधन. फाटकाबाहेर भला मोठा फलक लागला, हिरव्या कणसातून एक मोटार हसत बाहेर येते आहे. धोरणात स्वच्छ लिहिलं होतं की माणसाच्या तोंडी घालण्याजोगा दाणा कारखान्यात जाणार नाही, फक्त सडकं, भिजलं, वाया गेलेलं जाईल. मला ते मनापासून आवडलं होतं. वाया जाणाऱ्या गोष्टीचं काही होतंय, याहून बाईमाणसाला आणखी काय हवं?

हमाल दोरा बघूनच ट्रक भरतात. पोत्यावरचं कुणी वाचत बसत नाही. म्हणून दोन्ही रंगांची रिळं माझ्या कपाटात कुलपात असायची, आणि शिलाईच्या मावशी रोज माझ्याकडून रीळ मागून न्यायच्या.

या मावशी म्हणजे एक नग होत्या. दाभण दातात धरून बोलायच्या आणि तरी एकेक शब्द टोचायचा.

"काय गं, पोरगीने दूध नाकारलं म्हणे?" मी परत आले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. "त्या मागच्या थप्पीत हात घालून आलीस ना? मी तिथे शिवायला बसते तर माझा नवरा मला अंगणात झोपायला सांगतो. तसं बरंच आहे म्हणा, घोरणं ऐकू येत नाही."

मागची थप्पी म्हणजे मागच्या शेडमधला मका. छपराचे पत्रे उडाले होते, दुरुस्तीची मंजुरी येईपर्यंत मका भिजला, तापला, गोळा होऊन बसला. पोत्यात हात घातला की आत अंगात ताप असल्यासारखं गरम लागायचं. दाणे बोटांना चिकटायचे, चिकटले की ओघळायचे. त्यातून पांढऱ्या अळ्या निघायच्या आणि उजेड बघून पुन्हा आत घुसायच्या. त्यांनाही बाहेर यायची लाज वाटत असावी.

मी ती थप्पी तांबडी केली होती. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

पण दोनच दिवसांत साहेबांनी मला बोलावलं. आमचे साहेब वाईट दिसणारे नव्हते. गोरेगोमटे, मऊ बोलणारे, टेबलावर मुलांचा फोटो. समोर कारखान्याचा केमिस्ट बसला होता.

"मॅडम, बसा. पोरगी कशी आहे? चला, छान." उत्तराची वाट न बघता साहेब पुढे गेले. "हे म्हणतात, आपण पाठवतो तो माल त्यांना चालत नाही."

"आमच्या टाक्या नाजूक असतात हो," केमिस्ट म्हणाला. "बुरशी आली की आंबवण बिघडतं. नळ्या तुंबतात. दाण्यात पिठूळपणाच उरलेला नसतो, मग इंधन कशाचं निघणार? आम्हाला भरलेला, कोरडा, पिवळाधमक दाणा लागतो."

"पण धोरणात तर—" मी म्हटलं.

"धोरणात नालायक म्हटलंय," साहेब गोड हसले. "नालायक कोण ठरवतं? तुम्ही. पुढच्या शेडमधला मका तुम्ही नालायक ठरवा. तांबडा दोरा."

पुढच्या शेडमधला मका मी आदल्याच आठवड्यात तपासला होता. मुठीत घेतला तर खुळखुळत होता. नवीन कापडासारखा वास.

"आणि खायला काय पाठवायचं?"

साहेबांनी खिडकीबाहेर, मागच्या शेडकडे बघितलं.

मला वाटलं, मी चुकीचं समजले. "साहेब, तो कुजलाय."

"वाळवून घ्या. चाळून घ्या. चांगल्यात थोडा मिसळा. दळल्यावर कोण काय ओळखतंय? उकळलं की सगळं मरतं."

"माझी मुलगी पाळणाघरात आहे. येत्या आठवड्यात तिला पेज सुरू करणार आहेत."

"मग तुम्ही घरून डबा आणा की!" साहेब इतक्या आपुलकीने म्हणाले की क्षणभर मला आभार मानावेसे वाटले. त्या क्षणाची मला अजून शिसारी येते.

केमिस्ट नखं बघत बसला होता. त्याच्या टाकीचं पोट बिघडू नये, एवढीच त्याची काळजी. टाकीला आई मिळाली होती.

मी प्रयोगशाळेत आले. आमच्याकडे एक जुना नियम आहे. खायचा माल सोडण्यापूर्वी त्यातला मूठभर शिजवायचा आणि माल सोडणाऱ्याने एक चमचा खायचा. हा नियम कुणी मोडला नव्हता, फक्त विसरून टाकला होता. शिजवलेलं पहारेकऱ्याच्या कुत्र्याला जायचं. मी शेगडी पेटवली. मागच्या थप्पीतला मका धुतला, पाणी काळं आलं. पुन्हा धुतला, पुन्हा काळं. शिजवला. वाफ वर आली तेव्हा मावशी नाकाला हात लावून दारातूनच ओरडल्या, "अगं, कुणाला मारून शिजवतेयस?"

वाटीत घालून, चमचा लावून मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मुलांच्या फोटोशेजारी.

"नियम आहे साहेब. तुम्ही एक चमचा खा, मी पांढरा दोरा काढून देते."

मला खात्री होती, ते वाटी बाजूला सारतील, चिडतील, आणि तिथेच हा विषय संपेल. कुणीही माणूस ते तोंडात घालणार नाही.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. चमचा उचलला, भरला, तोंडात घातला. चावलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी तरारलं, गळ्याची गाठ वर गेली, अडकली, मग खाली उतरली. रुमालाने त्यांनी ओठ टिपले.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "दोरा द्या."

मी आयुष्यात पुष्कळ घाण बघितली आहे. बाळाची शी-शू काढताना माझं मन कधी मागे हटलं नाही. पण त्या गिळण्यासारखं घाणेरडं मी काही पाहिलेलं नाही. बाहेर आले तर साहेबांच्या खोलीतल्या मोरीचा नळ जोरात सुटला होता, आणि नळाच्या आवाजामागे ओकारीचा आवाज होता. मला वाटलं, बाहेर आल्यावर तरी शुद्धीवर येतील. ते बाहेर आले, चेहरा पुसत, आणि म्हणाले, "अजून दोरा दिला नाहीत?"

मी कपाट उघडलं. मावशी हात पुढे करून उभ्या होत्या.

"मागच्या थप्पीला हा," मी म्हटलं, आणि तांबडं रीळ त्यांच्या हातावर ठेवलं. "पुढच्या थप्पीला हा." पांढरं.

मावशींनी दातातलं दाभण काढलं. त्यांनी दाभण काढलं की समजायचं, गंमत संपली. "साहेब तर उलटं सांगून गेले मला."

"हो."

"चुकून देत नाहीयेस ना?"

"नाही."

"नोकरी जाईल गं."

"मावशी, दूध प्यायची नाही ती. मी त्या थप्पीला पांढरा दोरा देऊन गेले तर ती माझं दूध प्यायची नाही."

याला काही अर्थ नव्हता, मलाही कळत होतं. पण मावशी मोठ्या मनाच्या, त्यांनी अर्थ मागितला नाही. दाभणात तांबडा दोरा ओवून त्या मागच्या शेडकडे निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "मला विचारलं तर मी सांगेन, म्हातारीला रंग दिसत नाहीत."

हमालांनी दोरे बघून ट्रक भरले. कुजका मका कारखान्यात गेला. खुळखुळता मका दवाखान्यांत, शाळांत, आमच्या पाळणाघरात गेला.

कारखान्याची टाकी आजारी पडली. काय सांगू ती धावपळ! मोठाल्या गाड्या आल्या. तज्ज्ञ आले. टाकीचं तापमान दर तासाला वर कळवलं जात होतं. केमिस्टचे डोळे रात्रभर जागल्यासारखे सुजले होते. आमच्या पाळणाघरात एकदा सगळ्या मुलांना जुलाब झाले होते, तेव्हा एक पाठवलेली परिचारिका रस्ता चुकून परत गेली होती. टाकीसाठी कुणीही रस्ता चुकलं नाही.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंनी मला विचारलं, "कारखान्यात असला घाणेरडा माल कसा गेला?"

"तो खायला नालायक होता. धोरणात तेच पाठवायला सांगितलंय."

त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब छताकडे बघत होते. मी उलटं केलं म्हणावं, तर सुलटं काय होतं ते त्यांना सांगावं लागलं असतं. केमिस्ट पुटपुटला, "नालायक म्हणजे इतकं नालायक नव्हे."

मला शिक्षा झाली नाही. कशाची करणार? फक्त कपाटाची किल्ली साहेबांनी स्वतःकडे घेतली आणि मला फाटकावर ट्रक मोजायला बसवलं. पहिल्याच दिवशी मी मोजली ती कारखान्याने मागच्या शेडमध्ये परत पाठवलेली तांबडी पोती. आणि वरून नवा आदेश आला. यापुढे कारखान्याला 'उत्तम प्रतीचं नालायक धान्य' द्यावं. मावशींना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की दाभण बोटात घुसलं. मग बोट चोखत म्हणाल्या, "आता साहेब देतील त्या रिळाने शिवायचं."

ठमीला पेज सुरू झाली. पहिल्या दिवशी ताईंनी पातेल्याचं झाकण काढलं तेव्हा मी वाकून हुंगलं. चांगली होती, माझ्याच पांढऱ्या दोऱ्याची. ठमीने पहिला घास थुंकला, मी तो तिच्या हनुवटीवरून बोटाने परत तोंडात ढकलला, दुसऱ्याला तिने स्वतःहून आ केला. तिचं ते पिवळं, चिकट, जगातलं सगळ्यात समाधानी तोंड! मी फाटकावर दिवसभर एकटीच हसत होते.

त्यानंतर मी रोज हुंगायची. मग पोती उचलणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हुंगायला लागल्या. कामावर जाण्याआधी पातेल्यापुढे आमची रांग लागायची, कडेवर पोरं, वाकलेल्या माना. ताई म्हणायच्या, "माझ्या स्वयंपाकाला एवढी गर्दी कधी नव्हती!" माझ्या कडेवरून ठमीही वाकायची, सूं सूं करायची. सगळ्या हसायच्या.

एके सकाळी ताईंनी झाकण काढलं. माझ्या आधी ठमी वाकली, आणि तिने तोंड फिरवलं. माझ्याकडे पाठ फिरवली होती तसंच.

मग मला वास आला. वरून आंबट, खालून गोडूस.

कुणी आरडाओरडा केला नाही. एकेक बाई वाकली आणि सरळ झाली. ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पोतं पांढऱ्या दोऱ्याचंच होतं गं, शपथ."

"माहीत आहे," मी म्हटलं.

ठमीला मी ताईंकडे दिलं. रांगेजवळ येऊन उभ्या राहिलेल्या मावशींनी आणि मी फडक्याने पातेल्याचे दोन्ही कान धरले. मागे बायका, त्यांच्या कडेवर पोरं, काही उपाशी म्हणून रडत होती. आवार ओलांडून आम्ही साहेबांच्या खोलीत शिरलो आणि ते गरम पातेलं त्यांच्या टेबलावर टेकवलं. फोटो सरकवावा लागला, जागा नव्हती.

साहेब उभे राहिले.

"बसा साहेब," मी म्हटलं, आणि खिशातून चमचा काढला. "आज एका चमच्याने भागायचं नाही."