गोगलगायींचा उपयोग

शंखावर दिलेला निळा ठिपका वाळेपर्यंत गोगलगाय हातातून खाली ठेवायची नाही, हा तिला शिकवलेल्या बाईंचा नियम होता. त्यामुळे खिशातला फोन थरथरला तरी ती पाण्याच्या टाकीमागे तशीच उकिडवी बसून राहिली. ठिपक्यावर हळूच फुंकर घातली. ठिपका वाळल्यावर तिने गोगलगाईला जिथून उचललं होतं त्याच विटेवर, त्याच दिशेला तोंड करून ठेवलं, हात पँटला पुसले आणि मग फोन पाहिला.

निवड झाली होती.

तिने मेल पुन्हा वाचली. मग वरचं नाव वाचलं, दुसऱ्या कुणाची आपल्याकडे आली नाही ना म्हणून. ढीगभर अर्जांतून मोजके मंजूर झाले होते आणि त्यांत 'बागेतल्या गोगलगायींची घरी परतण्याची क्षमता' हा तिचा विषय होता. काही वर्षांचं काम, नवी उपकरणं, दोन सहायक. तिचा जीव भांड्यात पडला. विभागप्रमुखांनी स्पष्टच बजावलं होतं, यंदाही निधी आला नाही तर टाकीमागची ही जागा गाड्या लावायला द्यायची. आता त्यांच्या गाड्या खुशाल उन्हात तापू देत.

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "थट्टा करतेयस ना?" आणि मग इतक्या मोठ्याने ओरडला की तिने फोन कानापासून लांब धरला. भावाला कळवलं. दादा लहानपणापासून तिला छळण्याची एकही संधी सोडत नसे.

"मी म्हणत होतोच, पोचशील म्हणून," तो म्हणाला. "गोगलगाईच्या चालीने का होईना."

बाईंना मात्र तिने फोन केला नाही. त्यांना हे समक्षच सांगायचं होतं.

बाईंकडे ती शिकायला आली तेव्हा तिला गोगलगायींची किळस यायची. बाईंच्या टेबलाच्या वरच्या खणात नेलपॉलिशच्या बाटल्या असत, लाल, हिरव्या, पिवळ्या, एखादी चंदेरी. बाईंच्या स्वतःच्या नखांना जन्मात कधी रंग लागला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातली मुलगी नवीन छटा आल्या की त्यांना आवर्जून हाक मारायची, आणि बाई गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "ओलाव्यात टिकेल ना?"

"भांडी घासलीत तरी जाणार नाही, मॅडम," ती सांगायची. बाई भांडी घासायला नव्हे, चिखलात सरपटायला रंग नेतात, हे तिला कुणीच सांगितलं नाही.

सकाळी सकाळी बाईंचे सगळे विद्यार्थी ओल्या गवतात रांगायचे. ठिपकेवाली एखादी गोगलगाय उचलून लांब कुंपणापाशी नेऊन ठेवायची आणि ती आपल्या विटेवर परत येते का याची वाट पाहायची. बहुतेक जणी यायच्या. कधी उशिरा, कधी भलताच वळसा घालून, पण यायच्या. आणि आली की बाई माहेरी आलेल्या मुलीसारखं तिचं कौतुक करायच्या. "दमलीस ना गं," असं एका गोगलगाईला म्हणणारी बाई तिने तोवर पाहिली नव्हती. किळस कधी गेली ते तिला कळलंही नाही.

याच निधीसाठी बाई दर वर्षी अर्ज करत आणि दर वर्षी नकार येई. नकार आला की प्रयोगशाळेत चहा व्हायचा. विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी परीक्षक व्हायचा आणि घसा खाकरून वाचायचा, "विषय मनोरंजक आहे. परंतु याचा उपयोग काय?" सगळे हसत, बाई सर्वांत जोरात. पुढे अर्जदारासाठी असलेली वयाची मर्यादा बाईंनी ओलांडली, मग निवृत्त झाल्या, आणि जाताना बाटल्यांचा तो खण तसाच तिच्या हवाली करून गेल्या. ती शिकत होती तेव्हा प्रयोगशाळेत धड एक सूक्ष्मदर्शक नव्हता. खिडकीची काच फुटलेली होती आणि चहाला स्पिरिटचा वास यायचा. तरी तेवढं सुख पुढे आपल्याला कुठे मिळालं नाही, असं तिला अजून वाटत असे.

यंदा मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हाही ती आधी बाईंकडेच धावली होती. ऐकून बाईंनी टेबलावरचे कागद आवरले. मग म्हणाल्या, "बस. तयारी करून घेऊ."

जेवणाच्या टेबलापलीकडे बाई आणि काका समिती होऊन बसले. काका म्हणजे बाईंचे यजमान. सगळं आयुष्य बँकेत गेलेलं, पण त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून असं काही 'हं' केलं की ती खरोखरच सावरून बसली. बाईंनी तर तिला पार सोलून काढलं.

"याचा उपयोग काय?"

"ज्ञानात भर पडेल."

"ज्ञानात भर सगळेच घालतात. उपयोग सांगा."

ती पुन्हा ज्ञानावरच आली. बाई उठून खिडकीशी गेल्या आणि तिला जवळ बोलावलं. शेजारचे गृहस्थ वाफ्यातल्या गोगलगायी वेचून कुंपणावरून बाईंच्या बागेत भिरकावत होते.

"रोजचं आहे यांचं," बाई म्हणाल्या. "आणि रोज माझ्याशी भांडतात, की मीच त्या परत फेकते. मी कशाला फेकू? त्या आपल्या पायांनी जातात."

"त्यांना एकच पाय असतो," काका मागून म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं त्यांच्या कानावर पडलेलं होतं.

"किती लांब नेऊन सोडल्या म्हणजे त्या परत येत नाहीत, हे कुणाला ठाऊक नाही," बाई तिला म्हणाल्या. "ठाऊक झालं तर पिकावर विष घालायचं थांबेल. हे सांग."

"बाई! हे इतकी वर्षं का नाही लिहिलंत?"

"आत्ता सुचलं. रिकामपणी सुचतं माणसाला."

मुलाखतीत तो प्रश्न आलाच. तिने शेजारच्या गृहस्थांसकट सगळं सांगितलं. समितीतल्या एकाने मान डोलावली आणि दुसऱ्याला म्हटलं, "बघा, हे झालं उत्तर. सकाळच्या गोगलगाईवाल्या अर्जाला आपण हेच विचारलं, तर काय उत्तर मिळालं? उपयोग मला माहीत नाही, मला फक्त बघायचंय." सगळे हसले. आणखी कुणी गोगलगायींच्या मागे लागलंय याचं तिला नवल वाटलं, पण समिती हसतेय म्हटल्यावर तीही हसली. बाहेर येऊन तिने बाईंना फोन लावला तर तो बंद होता. दाढ काढायला गेले होते, असं बाईंनी संध्याकाळी सांगितलं.

आता बिस्किटांचा एक डबा घेऊन ती बाईंच्या दारात उभी होती. दार काकांनी उघडलं. बाई भाजी आणायला गेल्या होत्या. बाई येईपर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं, पण काकांनी तिच्या तोंडाकडे पाहूनच विचारलं, "झालं?" आणि तिने मान हलवली.

"शाब्बास!" काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "बस, बस. हिला किती आनंद होईल! परवापासून गप्प गप्पच आहे. स्वतःचं नाही झालं याचं वाईट वाटणारच, पण तुझं झालं म्हटल्यावर..."

"स्वतःचं काय?"

काकांनी जीभ चावली. एकदा दाराकडे पाहिलं.

"काका, काय नाही झालं बाईंचं?"

"तुला सांगितलं असेल असं वाटलं मला," काका खाली बसत म्हणाले. "यंदा अर्जदारांची वयाची अट काढली ना. ही आधी शिकवायची त्या दुसऱ्या कॉलेजने संस्था म्हणून नाव लावू दिलं, म्हणून हिनेही अर्ज भरला. मला म्हणाली, एकदा शेवटचं करून बघते. तू मुलाखतीचं सांगायला आलीस, त्याच्या आदल्याच दिवशी हिलाही बोलावणं आलं होतं."

"पण मुलाखतीच्या दिवशी तर बाईंची दाढ..."

"कसली दाढ! सकाळी जाऊन आली. तुझी दुपारी होती म्हणून तिथून घाईघाईने निघाली, समोरासमोर नको म्हणून."

तिच्या हातातला डबा तसाच राहिला होता. काकांनी तो काढून टेबलावर ठेवला.

"पण उपयोगाचं उत्तर तर बाईंचंच होतं," ती म्हणाली.

"मीही तेच म्हटलं. निघताना म्हटलं, अगं, ते शेजाऱ्याचं सांग, कुंपणाचं सांग. तर म्हणते, ते मी तिला दिलंय. दिलेलं परत कसं घेऊ? मग तिथे काय सांगितलं कुणास ठाऊक."

तिला ठाऊक होतं. कुणीतरी थोबाडीत मारावी तसं तिला झालं. त्या खोलीत सगळे हसले होते, आणि त्यांच्याबरोबर तीही हसली होती.

तेवढ्यात दार वाजलं. बाई भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. तिला पाहिलं, टेबलावरचा डबा पाहिला आणि पिशवी तिथेच जमिनीवर टेकवून तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"झालं ना? मला माहीत होतं. मला माहीत होतं गं!"

तो आनंद खरा होता, आणि तोच तिला सोसेना. बाईंनी चष्मा लावला, तिचा फोन घेतला आणि ती मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. उपकरणांच्या खर्चात काय कापलं गेलं ते विचारलं, समितीला दोन शिव्या दिल्या, टाकीमागची जागा वाचली म्हणून टाळी वाजवली. ती नुसती बाईंकडे पाहत होती.

"तोंड का असं तुझं?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. काका भाजी निवडण्यात अतिशय गुंगले होते. "यांनी सांगितलं वाटतं."

"बाई, ते उत्तर तुमचं होतं."

"होतं."

"मग तुम्ही का नाही..."

"अगं, वर्षानुवर्षं दर अर्जात काहीतरी उपयोग जुळवून लिहीत आले. शेतीला, औषधाला, कशाकशाला. खरं काय ते एकदा त्यांच्या तोंडावर सांगून आले. फार बरं वाटलं." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "हसले मेले. हसू देत."

काका चहा ठेवायला आत गेले. बाईंनी पुन्हा चष्मा लावला आणि फोनच्या पडद्यावर बोटाने मजकूर खालीवर करत राहिल्या.

"सहायक दोन दिलेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"जाहिरात कधी काढणार?"

"पुढच्या महिन्यात."

"वयाची अट आहे?"

अट होती. नियमावलीत सहायकांच्या पानावर ठळक छापलेली होती, आणि ती नियमावली त्या दोघींनीही वाचलेली होती. बाई फोनमधून मान वर करत नव्हत्या.

"नाही," ती म्हणाली.

"मग मी अर्ज करीन," बाई म्हणाल्या. "सवय आहे मला." त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "आणि मुलाखत कडक घे. ओळखीची आहे म्हणून सोडू नकोस."