टेबलाचं व्हायचंय अजून

यशोधरा चौथ्या ताटाशेजारचा चमचा सरळ करत होती, तोच तिची आई समोरच्या फ्लॅटमधल्या कोंडाजींना आणि विठाकाकूंना घेऊन दारात उभी राहिली.

“हे बसतील,” अंजना धापा टाकत म्हणाली. “मायाचा फोन आला होता. बाळाला ताप आहे. ती आणि मुकेश काही कात्रपहून जेवायला येत नाहीत.”

खिडकीशी पेपर वाचत बसलेल्या भीमरावांनी वळून पाहिलं. कोंडाजींना बघून त्यांनी पेपरची घडी घातली, ती जरा जास्तच घट्ट.

आता दुसरी माणसं शोधायला वेळ नव्हता. यशोधरा सहा वर्षं एका भल्यामोठ्या प्रवासी जहाजावर वेटर होती आणि हेड वेटरच्या जागेसाठी तिचं नाव पुढे गेलं होतं. तोंडी परीक्षा झाली होती. उरली होती ती प्रत्यक्ष परीक्षा, आणि सुट्टीवर असलेल्यांची ती व्हिडिओवर घेत. घरी टेबल मांडा, चार माणसं बसवा, जेवण कुठलंही चालेल, आम्ही वाढणं बघू, ठरल्या वेळात उरका, असा हुकूम होता. माणसं शिकवून ठेवलेली नसावीत, असंही बजावलं होतं. त्या बाबतीत अंजनाने काही कसर ठेवली नव्हती.

भीमरावांनी मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं.

“कोंडाजी जेवतोय तर जेवू दे. दारात आलेल्या माणसाला मी नाही म्हणणार नाही. पण त्याचं ताट तू उचलायचं नाही.”

“पप्पा, ताट उचलणं हाच तर निम्मा पेपर आहे!”

“जहाजावर काय करतेस ते मी कधी विचारलं नाही. पण इथे, माझ्या डोळ्यांदेखत नाही.”

यामागचं सगळं यशोधराला लहानपणापासून पाठ होतं. पालेगावात आज जिथे ही सोसायटी उभी आहे, तिथे कोंडाजींच्या घरची भातशेती होती. त्या घरी लग्नकार्य असलं की भीमरावांचे वडील हरिचंद्र मांडवाबाहेर बसून राहत. पंगत उठली की पत्रावळी उचलायच्या आणि त्यांत जे उरलं असेल ते घरी न्यायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन ते परतले, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, आजपासून या घरातलं कोणी कुणाचं उष्टं उचलणार नाही. भीमराव तेव्हा जन्मलेही नव्हते. पण फॅक्टरीत फिटर म्हणून उभं आयुष्य काढलं तरी कॅन्टीनमध्ये सोबत्याचा चहाचा कपसुद्धा त्यांनी कधी उचलला नाही. घरात ज्याने त्याने आपलं ताट आपण घासायचं, हा नियम. पाहुण्यांची त्यात फार पंचाईत व्हायची. मुलीने हॉटेलचा कोर्स घेतला तेव्हा महिनाभर अबोला होता. पुढे तो संपला, पण जहाजाचा विषय निघाला की भीमराव अजूनही बाल्कनीत निघून जात.

तेवढ्यात स्टँडवर लावलेला फोन वाजला आणि जहाजावरच्या प्रशिक्षण अधिकारी, सोनिया मॅडम, स्क्रीनवर आल्या.

“यशोधरा, आज ये टेबल तुम्हारी है. मैं बीच में नहीं बोलूँगी. शुरू करो.”

यशोधराने एक श्वास घेतला आणि आईबापांनी कधी न पाहिलेली यशोधरा त्या खोलीत वावरू लागली. पाठ ताठ, पावलं हलकी, चेहऱ्यावर घाईचा मागमूस नाही. तिने विठाकाकूंसाठी खुर्ची मागे ओढली.

“अगो, खुर्ची कुठं नेतंस?” विठाकाकू दचकल्या.

“तुमच्यासाठीच, मॅडम. बसा.”

कोंडाजींनी मांडीवरचा नॅपकिन उचलून कपाळ पुसलं आणि खांद्यावर टाकला. यशोधराने लगेच दुसरा आणून त्यांच्या मांडीवर पसरला. टोमॅटोच्या साराचा भुरका त्यांनी असा मारला की स्क्रीनवरच्या सोनिया मॅडमच्या भुवया वर गेल्या.

“पोरी, मना अजून दे.”

“नक्की, सर.”

सर म्हटल्यावर कोंडाजी खुर्चीत दोन बोटं तरी वर आले. भीमराव मात्र आपल्या वाटीकडे बघत जेवत होते. साराच्या वाट्या यशोधराने टेबलावरच राहू दिल्या. पप्पांना उगाच कशाला डिवचायचं! मग कोंबडीचा रस्सा आणि भात आला. अंजनाचा रस्सा म्हणजे बोलायचं काम नाही.

सगळ्यात आधी कोंडाजींचं झालं. त्यांनी हाडांनी भरलेलं ताट पुढे सरकवलं.

“घे गो पोरी.”

भीमरावांचा चमचा हवेतच थांबला.

“घेते, सर,” यशोधरा हसून म्हणाली. “टेबलाचं व्हायचंय अजून.”

जहाजावरचा हा पहिला धडा होता. टेबलावरच्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणाचंही ताट उचलायचं नाही. सावकाश जेवणाऱ्याला, आपल्यामुळे बाकीचे खोळंबलेत, असं वाटता कामा नये.

भीमरावांनी ते ऐकलं. भोंगा व्हायच्या आत डबा संपवायची ज्यांची जन्माची सवय, ते आता भाताचं एक एक शीत चमच्याने इकडून तिकडे करू लागले. विठाकाकूंचं झालं. अंजनाचं झालं. तिने नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण त्यांनी मान वर केली नाही. आत खीर वाट बघत होती आणि सोनिया मॅडम घड्याळाकडे.

यशोधराच्या लक्षात आलं. पप्पांनी तिचाच नियम धरून ठेवला होता. ते चमचा खाली ठेवणार नव्हते, म्हणजे कोंडाजींचं ताट उठणार नव्हतं. तिला असा संताप आला की हातातला पाण्याचा जग आपटावासा वाटला. सहा वर्षांची मेहनत या चमचाभर भातावर येऊन अडली होती. उचललं तर नापास, थांबलं तरी नापास!

ती जग घेऊन वडिलांच्या उजव्या हाताला गेली. ‘पप्पा, प्लीज’ असं हळूच म्हणायचं तिने ठरवलं होतं. पण वाकून ग्लास भरताना तिला त्यांची बोटं दिसली. उरलेली चार शितं ती चमच्याखाली झाकून ठेवत होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला. जहाजावर ती म्हाताऱ्या पाहुण्यांना रोज जे सांगे तेच तिच्या तोंडून आलं, फक्त मराठीत.

“सावकाश होऊ द्या, सर. तुमचं जेवून होईपर्यंत या टेबलावरचं एकही ताट हलणार नाही. आम्ही सगळे थांबलोय.”

हात धुवायला अर्धवट उठलेल्या कोंडाजींची बाही विठाकाकूंनी खाली खेचली.

“बसा खाली. भीमरावांचा जेवान व्हायचा हाय अजून.”

कोंडाजी परत बसले. हात मांडीवर ठेवून.

भीमरावांनी मान वर केली. त्यांनी आधी कोंडाजींकडे पाहिलं, मग टेबलाभोवती बसलेल्या एकेकाकडे. त्यांचे वडील ज्या घरची पंगत उठायची वाट बघत मांडवाबाहेर बसत, त्या घरचा माणूस हरिचंद्रांच्या मुलाचं जेवून व्हायची वाट बघत बसला होता. ती वाट बघायला त्यांच्या मुलीने लावली होती, आवाज जराही न चढवता. भीमराव ग्लासभर पाणी प्यायले.

“रस्सा आहे अजून?”

“आहे, सर.”

“आण. भातही आण.”

अंजनाने कपाळाला हात लावला. यशोधरा वाढू लागली तशी सोनिया मॅडमना राहवलं नाही.

“यशोधरा, टाइम हो गया है. पूरी टेबल रुकी हुई है.”

“रुकेगी, मॅडम,” यशोधरा म्हणाली. “अभी इनका नहीं हुआ.”

स्क्रीनवर सोनिया मॅडम खळखळून हसल्या.

“हेड वेटर के मुँह से मुझे यही सुनना था. काँग्रॅच्युलेशन्स! बाकी कल बात करते हैं.”

फोन बंद झाला आणि अंजना खुर्चीवरून ओरडलीच. विठाकाकूंनी यशोधराच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. परीक्षा संपली होती. आता कोणी उठलं असतं तरी बिघडणार नव्हतं. कोंडाजींनी एकदा बेसिनकडे पाहिलं, एकदा भीमरावांच्या ताटाकडे, आणि ते पुन्हा नीट टेकून बसले.

“जेव रं भीमराव, सावकास जेव. आमी हाव बसलेलं.”

भीमराव जेवले. मस्त, रेंगाळत, भोंगा नसलेल्या माणसासारखे. रस्सा बोटाने पुसून घेतला. ताट लख्ख झालं, त्यात उष्टं म्हणावं असं काही राहिलं नाही. मग त्यांनी चमचा आडवा ठेवला. यशोधरा अजून तशीच उभी होती, हात मागे, पाठ ताठ.

“माझं झालं,” ते म्हणाले. “आता उचल. पाहुण्यांचं आधी.”

यशोधरा कोंडाजींच्या उजव्या हाताला गेली. तिने ताट उचललं. भीमराव खुर्चीत वळून बसले आणि ती ते कसं उचलते ते शेवटपर्यंत बघत राहिले.