दादाचं डावं

तळहातावरचा स्क्रू इतका लहान होता की मूठ मिटली की तो नाहीसा होई, आणि उघडली की पुन्हा असे—आणि दर वेळी त्याच्या मनात येई, मघाचा तो हाच का? कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईनं "जरा धरा हो, काका" म्हणून तो त्याच्या हातावर ठेवला होता आणि ती विसरून गेली होती. त्याचा अंगठा मात्र आपोआप स्क्रूच्या आट्यांवरून फिरत राहिला, दादाचा फिरायचा तसा. छापखान्यात दादा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. खिळा तो डोळ्यांनी बघत नसे. अंगठ्यानं चाचपायचा, खाच कुठल्या अंगाला लागते ते कळलं की अक्षर सुलटं बसलंय की उलटं ते त्याला कळे... आणि दादाचा अंगठा आठवला की त्याच्यामागोमाग दादाचं पत्र आठवायचंच; ज्याला त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

पत्र कसलं, चार ओळी. ‘वेलांटी, तुझी खोली बांधून झाली. चारी भिंती उभ्या आहेत. दार कुठल्या बाजूला ठेवू ते कळव, म्हणजे तेवढी भिंत फोडतो. —दादा.’

वेलांटी म्हणजे तो. त्याच छापखान्यात तो मुद्रितं तपासायचा, पहिली वेलांटी की दुसरी यावरून दादाशी रोज हुज्जत घालायचा; शिवाय अंगानंही तसाच, बारीक आणि वरून वाकलेला. नाव पडलं ते चिकटलं. आणि खोली? खोली खरी नव्हती. म्हातारपणी दादाला कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा नाद लागला, पुतणीनं लावलेला. त्या खेळात कुणी कुणाला मारत नाही. ओसाड माळ असतो, धुकं असतं, एक तळं असतं, आणि दगडावर दगड रचून माणसानं हवं ते बांधायचं. दादानं घर बांधलं. एक खोली स्वतःची. एक वहिनीची होणार होती, पण "इथलं आवरता आवरता माझी कंबर जाते, तिथलं आणखी कोण झाडणार?" असं तिनं म्हटल्यावर तिच्या जागी विहीर केली. आणि एक धाकट्या भावाची. दादा म्हणायचा, तूही एक मशीन घे, साधंसं, म्हणजे दोघं तिथं बसू.

उत्तर लिहायला तो बसला नव्हता असं नाही. पण जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढलेला माणूस. स्वतःचं एक वाक्य लिहिलं की त्यातलं निम्मं खोडी, उरलेल्या निम्म्यावर संशय घेई, आणि सुधारता सुधारता कागदावर फक्त ‘दादा’ एवढंच उरे. शिवाय... शिवाय ते शब्द त्याला आवडले नव्हते. तुझी खोली बांधून झाली. चारी भिंती उभ्या आहेत. असं कुणी कळवलं तर माणसानं काय लिहावं? पोचली, आभारी आहे? तो लिहू लिहू म्हणत राहिला आणि तेवढ्यात दादा गेला.

आता वहिनी आणि पुतणी जागा बदलणार होत्या, लहान घरात जाणार होत्या, आणि दादाचं मशीन देऊन टाकायचं ठरलं होतं. "ते बंद झालं की आतलं सगळं गेलं, काका," पुतणी म्हणाली होती. "तुम्हाला तिथं यायचं असेल तर याच आठवड्यात. मी भिंत कधीच फोडली असती हो, एका घावाचं काम. पण बाबांनी बजावलंय, त्याचं उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि उत्तर पत्रानंच. बाबांचं असंच असतं." बजावलंय. बजावलं होतं नव्हे. असंच असतं. असायचं नव्हे. त्याच्या ते तत्काळ ध्यानात आलं. दुरुस्त मात्र करवलं नाही.

"नातवासाठी का, काका?"

बाईच्या कानामागे पेचकस अडकवलेला होता, लेखनिकाची पेन्सिल असते तसा.

"नाही... माझ्यासाठी."

"वा! काय खेळणार?"

"खेळ म्हणजे... एक घर बघायचंय."

"घर बघायला दलाल लागतो हो, ग्राफिक्स कार्ड नाही!" बाई मोठ्यानं हसली, मग त्याचा चेहरा बघून तिनं हसू आवरतं घेतलं. "बरं, कितीपर्यंत जायचं?"

"पेन्शनीत बसेल असं."

"मग ऐका. पैसा पेटीत घालायचा नाही, कार्डात घालायचा. पडद्यावर जे दिसतं ते त्याच्या जिवावर. प्रोसेसर मागच्या पिढीतला घेऊ, तुम्हाला तो पुरून उरेल. पॉवर सप्लायला मात्र काटकसर नको. हलका घेतला तर जाताना तो एकटा जात नाही, बाकीच्यांनाही घेऊन जातो."

तो मान हलवत होता. ती एकेक खोका उतरवून गल्ल्यावर मांडत होती आणि तो प्रत्येक खोक्यावरची अक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत होता. जुनी सवय, उलटं वाचलं की अर्थ मधे लुडबुड करत नाही आणि चूक उघडी पडते. चूक कुठंच नव्हती. गल्ल्याशेजारी एक तयार मशीन चालू ठेवलेलं होतं, त्याच्या कुशीला काच होती आणि काचेआड तीन पंखे निळ्या उजेडात फिरत होते. समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. पडद्यावर एक माणूस पाठमोरा उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते—वर, खाली. श्वास घेतल्यासारखे.

"तो... का हलतोय?"

"कोण? तो होय! खेळणारा उठून गेला की तो तसाच उभा राहतो. वाट बघत."

"किती वेळ?"

"वीज असेतोवर," बाई म्हणाली, आणि पुढचा खोका उघडला.

नवं कार्ड पेन्शनीत बसत नव्हतं. वापरलेलं एक होतं, पुसून स्वच्छ केलेलं, पण त्याच्या पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी कुणाच्या तरी घरातली धूळ अजून होती. करडी, मऊ.

"कुणाचं होतं?"

"एक जण विकून गेला. काळजी करू नका, कार्डाला आठवण नसते. आठवण ही," तिनं रॅमच्या दोन पट्ट्या बोटांत धरून दाखवल्या, "आणि हीसुद्धा बटण बंद केलं की साफ विसरते."

"सगळं?"

"सगळं. म्हणून तर सुखी आहे."

मदरबोर्डवर पट्ट्यांसाठी चार खाचा होत्या. बाईनं एक पट्टी बसवली, शेजारची खाच सोडली, आणि दुसरी पट्टी तिच्या पुढच्या खाचेत दाबली. टक् असा आवाज झाला. त्याला ते रिकामं राहिलेलं बघवेना.

"मधे एक राहिली."

"राहिली नाही, सोडली. शेजारी शेजारी बसवल्या तरी चालतात, पण मग ज्याची त्याची ओढतात. मधे एक जागा मोकळी ठेवली की जोडीनं चालतात."

मधे एक जागा मोकळी. समासात त्याची खूण असायची, जागा सोडा म्हणून. दादा खिळ्यांच्या खोलीत, आपण आतल्या अंधाऱ्या खोलीत, आणि मधे भिंत—भिंतीला एक फट. ओलसर मुद्रित दादा त्या फटीतून आत सारायचा आणि ते आपल्या टेबलावर पडायचं. सप्प. दिवसभर तेवढाच आवाज. दादाचा चेहरा दिसत नसे, बोटं दिसत, शाईनं काळी, आणि क्षणभर ती फटीतच थांबत, जणू पलीकडे कुणी आहे ना याची खात्री करून घ्यायला. मी कागद घेतला की जात. मी कधी कधी मुद्दाम उशिरा घ्यायचो. तीस-पस्तीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो नाही, आणि त्या वर्षांत आमचं भांडण असं झालंच नाही. निवृत्तीनंतर समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो तेव्हा मात्र दोघांनाही काय बोलावं सुचेना...

"काका? खेळाला किती जागा लागते ते विचारा बरं घरी कुणाला."

त्यानं पुतणीला फोन लावला आणि बाईच्या हातात दिला. त्या दोघी आकड्यांत बोलल्या, हसल्या, आणि फोन परत त्याच्या कानाशी आला.

"काका, एक सांगू? घाबरू नका." पुतणीचा आवाज जवळ आल्यासारखा झाला. "तुमच्या खोलीत दिवा दिसतोय."

"कुठल्या... अच्छा. दादानं ठेवला असेल. भिंत लावायच्या आधी."

"मीही तेच म्हटलं. पण आधी दिसत नव्हता हो. कोपऱ्यात दोन दगडांमधे बारीकशी फट राहिलीय, तिथून उजेड येतोय. आईला बोलावून दाखवलं."

"वहिनी काय म्हणाली?"

"म्हणाली, बिल कोण भरणार." दोघंही थोडं हसले. मग ती म्हणाली, "फट मी आधीही बघितली होती, काका. तेव्हा आत काळोख होता."

त्यानं फोन खिशात ठेवला. वरच्या खिशात कार्ड होतं, पोस्टाचं, त्याचे कोपरे मऊ पडले होते. पत्ता कधीच घालून ठेवला होता, दादाच्या नावानं, बाकी कोरं. तिनं नीट बघितलं नसेल. बारीक फट, पडद्यावरचं धुकं, आणि दादा हळवं करून गेलेलं ते घर... नजरचूक. नजरचुकीवर तर आपलं पोट चाललं. पण नजरचूक म्हणजे असलेलं न दिसणं. नसलेलं दिसणं याला आपल्या धंद्यात शब्द नव्हता.

"आता पेटी," बाई म्हणाली. "काचेची देऊ? आतले दिवे छान दिसतात."

"नको." तो इतक्या जोरात म्हणाला की त्याचा त्यालाच संकोच वाटला. "बंद द्या. साधी. आतलं दिसायला नको."

तिनं साधी काळी पेटी पुढ्यात ठेवली. चारी बाजूंनी पत्रा. रिकामी होती तरी रिकामी वाटत नव्हती.

"हिला... दार कुठल्या बाजूला?"

"दार? हां, हा पत्रा निघतो. डावीकडचा."

"कुणाच्या डावीकडचा? आपल्या की पेटीच्या?"

बाई पेचकस हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. "आपल्याच की. आपण बाहेर आहोत ना, काका?"

घरात हा विनोद जुना होता. आरशातल्यासारखे उलटे खिळे जुळवून जुळवून दादाचं डावं-उजवं कायमचं फिरलं होतं. रिक्षावाल्याला डावीकडे म्हणायचा आणि उजवीकडे न्यायला लावायचा, फडताळाच्या डाव्या कप्प्यातलं औषध उजव्यात सापडायचं, आणि वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची, "खरं डावं की तुमचं डावं?" मग ‘दादाचं डावं’ असाच शब्द झाला. त्यानंही दादाला किती हिणवलं होतं. खिळ्यांनी तुझं डोकं उलटं जुळवलंय म्हणून. दादा चिडत नसे. एवढंच म्हणे, "तू बाहेरून वाचतोस, वेलांटी."

"पेन आहे का?" त्यानं विचारलं.

गल्ल्यावरच, खोक्यांच्या मधे कोपर टेकून त्यानं लिहिलं. ‘दादा, दार डावीकडे ठेव. येतो. —वेलांटी.’ लिहून झालं तरी हातानं काही खोडलं नाही. त्याला नवल वाटलं. त्यानं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचून पाहिलं—येतो, ठेव, डावीकडे, दार, दादा. उलटंही बरोबरच होतं.

"परवा संध्याकाळी न्यायला या," बाई म्हणाली. "आणि माझा स्क्रू?"

त्यानं मूठ उघडली. तळहातावर आट्यांचा वळ उमटला होता. उलटा.

रस्त्यावर ऊन सपाट पडलं होतं. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर होती, तिथं पोचायच्या आधीच एका बाईनं त्याला अडवलं. हातात एक्स-रेचं पाकीट, घाईत. "दवाखाना कुठं हो?"

"पुढं जाऊन डावीकडे," तो म्हणाला. ती उजवीकडे वळली आणि दवाखान्यात शिरली. दवाखाना उजवीकडेच होता. तो रोज त्याच्यावरून जायचा. मग त्यानं आपला हात पाहिला. हात अजून उजवीकडे दाखवत होता. बाई हाताकडे बघून गेली होती. शब्दाकडे बघायचं काम त्याचं होतं.

तो पेटीशी उभा राहिला. लाल, तोंडाशी रंग उडालेली. कार्ड अर्धं फटीत घातलं आणि तिथंच त्याचा हात थांबला.

डावीकडे लिहिलं तेव्हा डोळ्यांपुढे काय होतं? माळ नव्हता. धुकं नव्हतं, तळं नव्हतं, दादाच्या घराचं बाहेरचं अंग नव्हतं. दिवा होता—टेबलावर, हाताच्या अंतरावर. समोर दगडाची भिंत, आणि डाव्या हाताला जिथून वारा आला तर बरं वाटेल तिथं एक दार. आपण खोली बाहेरून पाहिलीच नव्हती. आपण बसलो होतो.

आणि दादा जन्मभर चुकत नव्हता. समोरून बघणाऱ्याचं ते उजवं. पण अक्षराच्या आत बसून बाहेर बघणाऱ्याचं डावंच. तो आतून सांगत होता. एवढंसं त्यानं कधी समजावून सांगितलं नाही, आणि मी... मला समासात खुणा करण्यातून सवड मिळाली नाही.

म्हणजे आता शब्द बदलायला हवा का? पुतणी कार्ड वाचील, कुठलं डावं धरील ती? पेन दुकानात राहिलं होतं. चूक असेल तर ती आता छापून जाणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच एक शंका तो न तपासता जाऊ देत होता, आणि त्याला भीती वाटत होती, पण ती नेहमीची, चूक राहून जाण्याची भीती नव्हती. थंड दगडाला पाठ टेकल्यावर आधी शहारा येतो आणि मग दगड हळूहळू आपल्याइतकाच कोमट होतो, तसं काहीसं. त्यानं बोटं क्षणभर फटीतच ठेवली. पलीकडे कुणी आहे ना.

कार्ड ओढलं गेलं नाही. तसं काही झालं नाही. त्यानंच सोडलं.

सप्प—आवाज झाला, पण खाली पेटीच्या तळाशी नव्हे. जवळ. टेबलावर पडावं तसा.