चौथ्या अंकातला पॉज

“कोणी हलायचं नाही! शिंकायचंसुद्धा नाही!” टिल्मान खुर्चीवर चढून कुजबुजत ओरडला. कुजबुजत ओरडणं फक्त त्यालाच जमायचं.

स्टेजवर चार ट्रक ओली माती पसरलेली होती आणि तिच्या मधोमध म्हातारा एकेहार्ट चाव्यांचा जुडगा हातात धरून उभा होता. बोलत नव्हता. दहा सेकंद झाले, वीस झाले, चाळीस झाले. पहिल्या रांगेत मार्लीस मांडीवर संहिता घेऊन बसली होती. बोट पुढच्या ओळीवर, ओठ अर्धे उघडे. ती ओळ देणार तेवढ्यात मागून टिल्मानचा हात तिच्या खांद्यावर पडला.

“देऊ नकोस. बघ त्याच्याकडे. सहा आठवडे मी हेच शोधतोय.”

मार्लीसनं तोंड मिटलं. या थिएटरात प्रॉम्प्टिंग करत तिला छत्तीस वर्षं झाली होती. तिच्याविषयी कँटीनमध्ये एक गोष्ट सांगतात. एकदा म्हणे राजकुमार झालेल्या नटाला ताप भरला, तर हिनं पहिल्या रांगेतून त्याचं अख्खं काम म्हणून टाकलं. त्यानं नुसते ओठ हलवले आणि टाळ्या घेऊन घरी गेला. दर वर्षी ही गोष्ट सांगताना त्याचा ताप एका डिग्रीनं वाढतो. सध्या तो एकशे सातवर आहे.

पण एक गोष्ट अगदी खरी. पॉज कोणता आणि विसरणं कोणतं, हे मार्लीसला कोणाला विचारावं लागत नसे. नट मुद्दाम थांबला की त्याचा श्वास पोटात असतो. विसरला की तो गळ्याशी अडकतो.

एकेहार्टचा श्वास गळ्याशी होता.

टिल्मान बर्लिनचा. वय अडतीस, पण जुनी नाटकं नव्यानं बसवण्यात त्याचं नाव केवढं मोठं! मागच्या गावात त्यानं म्हणे राजाला तीन तास फ्रीजमध्ये बसवलं होतं आणि लोक तिकीट काढून, स्वेटर घालून बघायला आले होते. इथं आता हे दोनशे वर्षांपूर्वीचं पद्यातलं नाटक. गावातल्या प्रत्येकानं ते शाळेत पाठ केलेलं आणि म्हणूनच प्रत्येकाचा त्याच्यावर राग. शहराला वेढा पडतो, लोकांचे जीव वाचावेत म्हणून म्हातारा नगरपाल वेशीच्या चाव्या शत्रूच्या हाती देतो, आणि पाचव्या अंकात तो गेल्याची बातमी येते. एवढंच. टिल्माननं साडेतीन तासांचं नाटक दीड तासावर आणलं. लढाई काढली, प्रेम काढलं, झगमगीत कपडे काढले आणि सगळ्यांना करडे रेनकोट घातले.

“लोकांना ओळी पाठ आहेत,” पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता. “पाठ असलेलं कोणी ऐकत नाही. मला ओळीच्या आधीचा माणूस हवाय. बोलण्याआधी त्याला काय होतं, ते दाखवा.”

“मला बोलण्याआधी लघवीला होते,” एकेहार्ट म्हणाला होता. सगळे हसले. टिल्मानही हसला, आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

दुपारी कँटीनमध्ये मार्लीस मसुराच्या सूपाचा वाडगा घेऊन एकेहार्टच्या समोर बसली. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्यातली अठ्ठेचाळीस वर्षं याच स्टेजवर गेलेली. या गावात त्याला न ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं.

“काय रे, पॉज होता का तो?”

“दिग्दर्शकाला आवडला ना? मग पॉजच.”

“मी तुला विचारतेय. त्याला नाही.”

एकेहार्टनं सूप ढवळलं. “ओळ होती गं मार्ले. दाराशी येऊन उभी होती. आत येत नव्हती.”

“कधीपासून चाललंय हे?”

“रेनाटे गेली तेव्हापासून असेल. की आधीपासून? ती होती तोवर मला काही लक्षात ठेवावंच लागलं नाही बघ. सगळं बायकोच्याच डोक्यात असायचं.”

मार्लीस हसली नाही. “डॉक्टरकडे गेलास?”

“गेलो. तारीख विचारली त्यानं. मी म्हटलं, तुमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, डोळे तपासून घ्या.” मग त्यानं चमचा खाली ठेवला. “सांगू नकोस हं कोणाला. घरी पाठवतील. आणि घरी मला ओळ द्यायला कोण बसलंय?”

मार्लीस त्याच्या रेनकोटाच्या बटणांकडे बघत राहिली. एक बटण एक घर वर लागलं होतं.

“एक कबूल कर,” तो म्हणाला. “मी तुझ्याकडे बघितलं की तू द्यायचीस. मग कोणी काही म्हणो.”

“देईन.”

“छत्तीस वर्षांत एकदाही चुकली नाहीस.”

“अरे, देईन म्हटलं ना! सूप गार होतंय तुझं.”

त्यानंतर रोज तालमीत तो पॉज आला. कधी चाळीस सेकंदांचा, कधी नव्वद. टिल्मान खूश. त्यानं चौथा अंक पुन्हा बांधला. आधीचा प्रकाश कमी केला, संगीत काढून टाकलं, आणि शत्रूची सेनापती झालेल्या येटेला सांगितलं, “तो बोलला तर बोलला. नाही बोलला तर शेवटी तू त्याच्या हातातून चाव्या घे आणि जा.” मार्लीसला म्हणाला, “चौथ्या अंकात तू तोंड उघडायचं नाहीस.”

“आणि तो अडकला तर?”

“अडकू दे. अडकणं म्हणजेच तर नाटक आहे.”

पहिल्या प्रयोगाआधी विंगेत नेहमीसारखी गर्दी झाली. इथल्या नाटकवाल्यांचा एक रिवाज आहे. प्रयोग नीट पार पडावा म्हणून एकमेकांच्या डाव्या खांद्यावर थुंकल्यासारखं करत ‘तोय तोय तोय’ म्हणायचं. उत्तरादाखल डोळे मिचकावा, शिवी द्या, काहीही करा, पण आभार मानायचे नाहीत. आभार मानले की प्रयोग बोंबलला म्हणून समजा. कालपरवा आलेल्या झाडूवाल्यालासुद्धा हे माहीत असतं.

येटेनं एकेहार्टच्या खांद्यावर तोय तोय तोय केलं.

“आभारी आहे, बाळ,” एकेहार्ट म्हणाला.

कोणीतरी हसल्यासारखं केलं. येटेनं कावरंबावरं होऊन मार्लीसकडे बघितलं. “मुद्दाम केलं त्यानं. तुला घाबरवायला,” मार्लीस म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

चौथ्या अंकात तो स्टेजच्या मधोमध आला. सहाशे माणसं. टिल्मान मार्लीसच्या शेजारच्या खुर्चीत. एकेहार्टनं चाव्या वर उचलल्या, आणि थांबला.

अर्धं मिनिट. एक मिनिट. मातीतून कुठंतरी पाणी झिरपत होतं, त्याचा आवाज यायला लागला. सहाशे माणसांत एक खोकला नाही, आणि तेही फेब्रुवारीत! एकेहार्टनं मान वळवली आणि थेट मार्लीसकडे बघितलं.

ओळ तिच्या जिभेवर होती. टिल्माननं तिच्या मनगटावर हात ठेवला. हलकाच. तिनं हिसडा दिला असता तर सुटला असता. तिनं दिला नाही. ती इतकी वर्षं नाटकं बघत आली होती आणि इतकं सुंदर तिनं काही बघितलं नव्हतं. एक म्हातारा आपलं सगळं शहर हातात धरून उभा आहे आणि त्याला शब्द सापडत नाही. तीसुद्धा बघत राहिली. हे तिनं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही.

दोन मिनिटं दहा सेकंदांनी येटेनं त्याच्या हातातून चाव्या काढून घेतल्या.

टाळ्या अकरा मिनिटं चालल्या. गावातली माणसं पंचवीस सांगतात.

नंतर वरच्या दालनात शॅम्पेन आणि बटाट्याचं सॅलड होतं. मार्लीसनं टिल्मानला खिडकीपाशी गाठलं.

“तो पॉज नाहीये. तो विसरतोय.”

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“तिसऱ्या दिवशीच कळलं. माझे आजोबा असेच गेले.” त्यानं ग्लास खाली ठेवला. ओशाळला नाही की फुशारलाही नाही. “त्याच्या जागी दुसरा नट आणला असता तर तो आज घरी भिंतीकडे बघत बसला असता. इथं सहाशे माणसांनी श्वास रोखून त्याला बघितलं. आयुष्यात कधी बघितलं नव्हतं इतकं. सांग, मी काय वाईट केलं?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

एकेहार्ट सॅलडच्या टेबलापाशी एकटा उभा होता. लोक येऊन पाठ थोपटत होते, तो मान डोलवत होता. तिला बघून त्यानं तिला कोपऱ्यात घेतलं.

“मार्ले, मी तुझ्याकडे बघितलं गं.”

“हो रे.”

“मला वाटलं, तूच ओळ विसरलीस.” त्यानं तिचा हात थोपटला. “म्हटलं, बिचारी. कोणाला सांगायचं नाही आपण. घरी पाठवतील तुला.”

दिग्दर्शक पहिल्या प्रयोगानंतर थांबत नाहीत. टिल्मान सकाळच्या गाडीनं झुरिकला गेला, तिथं दुसरं कुठलं जुनं नाटक त्याची वाट बघत होतं. पेपरात पॉजविषयी अर्धा रकाना भरून आला. एकेहार्टनं तो कापून खिशात ठेवला, आणि दर दोन तासांनी नवीनच असल्यासारखा वाचला.

दुसरा प्रयोग रविवारी दुपारी चारचा. या प्रयोगाला केक खाऊन आलेली म्हातारी मंडळी असते, निम्म्यांच्या कानांत यंत्रं, आणि शेजारच्याला विचारून विचारून नाटक बघायचं. मार्लीस जागेवर बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती. रात्रभर तिचा एकच हिशेब चालला होता. गप्प बसले तर याचं काम टिकेल, पेपरवाले आणखी लिहितील, आणि हा दर प्रयोगाला असाच माझ्याकडे बघत बुडत राहील. ओळ दिली तर सगळ्यांसमोर उघडा पडेल. उद्याच त्याला घरी बसवतील.

चौथा अंक आला. एकेहार्टनं चाव्या उचलल्या. थांबला. आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“घ्या या चाव्या,” मार्लीस कुजबुजली.

“काय?” एकेहार्टनं कानामागे हात धरला.

“घ्या या चाव्या!” आता मोठ्यानं.

“घ्या या चाव्या,” एकेहार्टचा तो जुना, तळघरातून आल्यासारखा आवाज थिएटरभर घुमला. मग तो वाकून म्हणाला, “पुढचं?”

लोक हसले. येटे स्टेजवर दगडासारखी उभी. मार्लीस उठून उभी राहिली. प्रॉम्प्टरनं प्रेक्षकांत उभं राहायचं नसतं, पण बसून तिचा आवाज पोचेना.

“यांत लोखंड थोडं आहे, माझी झोप जास्त आहे.”

“यांत लोखंड थोडं आहे,” तो म्हणाला, “माझी झोप जास्त आहे.”

“या वेशीतून माझी नवरी आत आली, आणि माझे तीन मुलगे बाहेर गेले.”

तो म्हणाला. आता हसत कोणी नव्हतं. इथं टिल्मानच्या संहितेत भाषण संपत होतं, खाली लाल रेघ होती. मार्लीसनं संहिता खुर्चीवर ठेवली आणि काढून टाकलेल्या ओळी द्यायला लागली. एक ओळ ती म्हणायची, मग तीच तो. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीचे ओठ हलायला लागले, मग तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याचे. शाळेत छड्या खाऊन पाठ केलेल्या ओळी, अशा कुठं जातात!

“उद्यापासून पहारा तुमचा.”

“उद्यापासून पहारा तुमचा.”

“थंडी माझी.”

एकेहार्ट थांबला. चाव्यांकडे बघितलं. “थंडी माझी,” तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच पुढं होऊन जुडगा येटेच्या हातात ठेवला. तिची बोटं नीट मिटवून दिली.

आता त्यानं डावीकडून आत जायचं होतं. तो डावीकडे दोन पावलं गेला, उजवीकडे बघितलं, मग सरळ पुढं आला. चिखलाच्या बुटांनी पायऱ्या उतरला आणि मार्लीसच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

विंगेत धावपळ झालेली मार्लीसला दिसली. तिनं हातानंच चालू ठेवा म्हणून खूण केली. नाटक पुढं सरकलं. पाचवा अंक सुरू झाला. नगरपाल गेल्याची बातमी आली, सगळे रेनकोटवाले मातीत गुडघे टेकून बसले.

“कोण गेलं?” एकेहार्टनं तिच्या कानाशी विचारलं.

“नगरपाल. म्हातारा होता.”

“चांगला होता का?”

“खवट होता. पण चांगला होता.”

“मग रडू दे त्यांना,” तो म्हणाला आणि पाठ टेकून बसला. येटेचं शेवटचं भाषण त्यानं मान डोलवत ऐकलं. “या पोरीत दम आहे हं. हिला सांभाळा.”

प्रकाश गेला, पुन्हा आला. म्हातारी मंडळी उठून टाळ्या वाजवायला लागली. एकेहार्टही उठला, आणि सगळ्यांपेक्षा जोरात वाजवायला लागला. स्टेजवर नट रांगेत उभे राहिले, मधली एक जागा मोकळी ठेवून. येटेचे डोळे भरले होते. तिनं पुढं येऊन हात लांब केला आणि या, या, म्हणून खुणावायला लागली.

एकेहार्ट टाळ्या वाजवत मागं वळला. ती कोणाला बोलावतेय ते बघायला त्यानं टाचा उंच केल्या, आणि जो कोणी असेल त्याला वाट मिळावी म्हणून अंग चोरून बाजूला सरकला.