परिणाम: नाही

ऐका ना, जुईची गोष्ट सांगते. ऐकताना मला माझ्याच कितीतरी सह्या आठवल्या, तुम्हालाही आठवतील.

जुई म्हणजे नेदरलँड्समधल्या झूटरमेरची. नवऱ्याच्या व्हिसावर आली, चार वर्षं मान मोडून डच शिकली आणि २०१६ मध्ये एका युनिव्हर्सिटीच्या बोर्डाच्या ऑफिसात लागली. बोर्ड म्हणजे तीनच माणसं, पण अख्खी युनिव्हर्सिटी तेच चालवतात. दर मंगळवारी नऊला मीटिंग. आणि तिथे एक पद्धत आहे बघा. रोजचे किरकोळ विषय असतात ना, त्यांची वेगळी यादी. त्यांना म्हणतात हामरस्टुक, म्हणजे हातोडीचे विषय. चर्चा नाही, काही नाही. अध्यक्षबाई विचारतात, "कुणाला काही?" दोन सेकंद थांबतात आणि छोटी लाकडी हातोडी टक्. सगळे विषय मंजूर. कुणी हरकत घेतली तरच तो विषय बाहेर निघतो.

ही यादी जुई बनवायची. प्रत्येक विषयाचा एक फॉर्म, शेवटचा रकाना "कुणावर काय परिणाम". जुई जुना फॉर्म कॉपी करायची, वरचा मजकूर बदलायची. शेवटच्या रकान्यात आधीचंच असायचं: नाही. तिची यादी कधी अडायची नाही, आणि तिला त्याचा भारी अभिमान.

तर ऑक्टोबरातला एक रविवार. जुईची मैत्रीण शलाका जेवायला आली होती, दोन महिन्यांचं बाळ घेऊन. ती जुईच्याच युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिपवर पीएचडी करते. स्कॉलरशिप ऑगस्टमध्ये संपली, बाळामुळे प्रयोग राहिले.

जुईने विचारलं, "मग आता गं?"

"अगं, होतंय. मुदत संपली तरी सहा महिने कार्ड चालू राहतं ना. फेब्रुवारीपर्यंत लॅबचं दार उघडतं माझ्यासाठी. तेवढ्यात उरकते."

जुईच्या हातातला डाव तसाच राहिला. मंगळवारच्या यादीतला अकरावा विषय तिनेच टाइप केला होता. बाहेरच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या पगारावर नसलेल्या संशोधकांची कार्डं मुदत संपताच बंद, एक नोव्हेंबरपासून, सवलत रद्द. परिणाम: नाही.

तिने वरण वाढलं.

सोमवारी ती तिचा साहेब योरिसकडे गेली. योरिस माणूस चांगला, पण घाईतला. म्हणाला, "यादी शुक्रवारीच गेलीये. आता फक्त बोर्डाचा मेंबर ती बदलू शकतो. आणि सिक्युरिटीचा विषय आहे तो, तीनशे चाळीस जुनी कार्डं साफ करायचीत. किरकोळ आहे, जुई." तिचं काँट्रॅक्ट डिसेंबरात पक्कं व्हायचं होतं. ती जागेवर येऊन बसली, उठली, कॉफी आणली, प्यायलीच नाही.

घरी तिच्या सासूबाई आल्या होत्या तीन महिन्यांसाठी. शैलाताई, पुण्याला तीस वर्षं सरकारी ऑफिसात. संध्याकाळी जुईने तिसऱ्यांदा ओटा पुसला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, दगड झिजेल तो. काय झालंय?"

जुईने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आई, मी साधी क्लार्क. मला मीटिंगमध्ये बोलायचा हक्कच नाही. मी फक्त मिनिट्स लिहिते."

"बरं. आणि तो परिणाम नाही, हे कुणी लिहिलं?"

"मी. म्हणजे, जुन्या फॉर्मातून आलं ते."

"कुणाला विचारलंस लिहिण्याआधी?"

जुईने फडकं खाली ठेवलं.

"आमच्याकडे फाइल अडायची," शैलाताई म्हणाल्या, "लोक येऊन शिव्या द्यायचे. लाज वाटायची, पण निदान तोंडं तरी दिसायची त्यांची. तुमच्याकडे फाइल इतकी झटकन सुटते की शिव्या द्यायलाही कुणी पोचत नाही. बोर्डाला शिकवायला नको जाऊस तू. तुझी चूक तेवढी सांग. आपली चूक सांगायला कसला हक्क लागतो?"

"काँट्रॅक्ट गेलं तर?"

"तर तुला वाईट वाटेल, मलाही वाटेल. शलाकाचं दार बंद झालं तर तिला कळणारही नाही कुणी केलं. तुला मात्र कळेल."

मंगळवार. ट्रेनमध्ये जुई दोनदा जागा बदलून बसली. नऊ वाजले. अध्यक्षबाईंनी यादी हातात घेतली. "कुणाला काही?"

एक सेकंद. हातोडी वर गेली.

"अकरावर चूक आहे," जुई म्हणाली. आवाज असा फाटला की योरिसने पेन खाली ठेवलं. "परिणाम नाही असं मी लिहिलंय. मी कुणालाच विचारलं नव्हतं. प्रबंध पूर्ण करणारे लोक याच कार्डावर लॅबमध्ये येतात. किती, ते मला माहीत नाही."

आणि हातोडी खाली आली नाही!

अध्यक्षबाईंनी ती बाजूला ठेवली. म्हणाल्या, "मग पुढच्या मंगळवारपर्यंत माहीत करून घे. अकरा बाहेर काढा." बाकीच्यांवर टक्. संपलं.

त्या आठवड्यात जुई दहा डिपार्टमेंट पायी फिरली. तीनशे चाळीस कार्डांतली एक्केचाळीस रोज चालत होती. एक्केचाळीस माणसं! पुढच्या मंगळवारी त्या एका विषयावर पंचवीस मिनिटं चर्चा झाली. पडून असलेली कार्डं बंद करायची आणि प्रबंधवाल्यांची सवलत ठेवायची, असं ठरलं. योरिस दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच फॉर्म बदलला. आता शेवटच्या रकान्याच्या आधी एक नवा रकाना आहे: कुणाला विचारलं? तो रिकामा असेल तर विषय यादीत जात नाही.

काँट्रॅक्ट झालं का, विचाराल. झालं, पण मार्चमध्ये, आणि तोवर तिला धड झोप नव्हती.

शलाकाने जानेवारीत शेवटचा प्रयोग केला. दारावर कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, ती आत गेली. तिला यातलं काही माहीतच नव्हतं. जुईने अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पण मित्रांनो, आपण कुठल्या ना कुठल्या यादीवर टक् करतोच. सोसायटीत, शाळेच्या कमिटीत, ऑफिसात. "रोजचंच आहे" म्हणून हात वर करण्याआधी ज्याचं दार त्याने बंद होणार आहे, त्याला एकदा जाऊन विचारा. वाईट कोणीच नव्हतं त्या खोलीत, फक्त कुणी विचारलं नव्हतं.