लाइन गेल्यावरचा टिनू

"पाच मिनटं झाले ना बाप्पा, हा काऊन नुसता चहाच ढवळून राह्यला?" अनुप बहिणीच्या कानाशी कुरकुरला.

'हा' म्हणजे टिनू. उडत्या होडीत बसून हरवलेल्या आईला शोधणारा कार्टूनमधला पोरगा. अठरा वर्षांनी 'उडननाव'ची पुढची मालिका आली होती, आणि टिनू आता कानाजवळ पिकलेला बाप्या झाला होता. त्या मालिकेसाठी अनुप हिंगणीहून मोटरसायकल दामटत सकाळी नऊच्या आत सिंदी मेघेला माधवीताईकडे हजर. सत्तावीस वर्षांचा गडी, स्वतःचं कृषी केंद्र, पण फाटकातूनच ओरडला, "सुरू तं नाई ना केलं?" माधवी तरी कुठं कमी होती! तपासायच्या शाळेच्या वह्या बाजूला सारून पोह्यांची कढई तिनं टीव्हीपुढंच आणून ठेवली होती.

"मामा, तो मोठा झालाय आता. विचार करतोय," माधवीची अकरा वर्षांची काजल म्हणाली.

"विचार कर म्हणा, पण होडी चालवता चालवता! जुन्यात कसं, गाव बुडे, हा उडे, सगळ्याइले वाचवे. पोळी फुगायच्या आत खेळ खतम!"

"जुनंपण हळूच आहे. मी फोनवर बावन्नही भाग पाहिले. एका भागात तर नुसती होडीची भोकं बुजवतात."

"हट! आमी काय पाह्यलं नाई का?"

माधवीनं लेकीला चिमटा काढला. पाहिलं होतं, पण अर्धंच. तेव्हा लोडशेडिंग होतं. साडेपाचला 'उडननाव' लागायचं आणि पावणेसहाला बरोब्बर लाइन जायची. टिनू वादळात लटकलेला आणि घरात काळोख. बाप सिंदी रेल्वे गावी कापसाच्या जिनिंगवर कामाला, आई दवाखान्यात आया. दवाखान्याची लाइन जात नसे. म्हणून आठला ड्युटीवरून आलेली आई, धुरपताबाई, वार्डातल्या टीव्हीवर पाहिलेलं उरलेलं अर्धं कंदिलाच्या उजेडात कणीक मळता मळता सांगायची. तिच्या सांगण्यात कोणी भोकं बुजवत बसत नसे. चार पोळ्यांत वादळ, राक्षस, सुटका, सगळं आटपायचं. शेवटच्या भागाच्या रात्री तर तिनं पुरात वाहून गेलेली टिनूची आईसुद्धा काठावर आणून उभी केली होती. अनुप त्या दिवशी ताटावरून उठून नाचला होता.

आता तीच धुरपताबाई दिवाणावर बसून सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती, आणि माधवीचा अर्धा जीव तिच्यात अडकला होता. गेल्या आठवड्यात काजलनं विचारलं होतं, "आई, टिनूची आई तर पुरात मरते. आजी काऊन म्हणते परत आली?" माधवीनं तिच्याकडून शपथ घेतली होती, आजीसमोर चकार शब्द नाही. वार्डात टीव्ही नव्हता, हे माधवीला लहानपणी आईचा डबा घेऊन तिथं गेली त्या दिवसापासून ठाऊक होतं. अनुपला नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं. नव्या मालिकेनं आज सगळ्यांदेखत म्हातारीला खोटं पाडलं तर?

पण टीव्ही बंद करवत नव्हता, इतका तो टिनू जवळचा वाटत होता. जुना टिनू चुकला की पुढच्या गावी पळायचा. हा चुकतो आणि चुकीजवळ बसून राहतो.

"पाह्य पाह्य, उठला!" अनुपनं मांडीवर थाप मारली. होडी गच्चीवरून सुटली. काजल उड्या मारायला लागली, माधवीच्या अंगावर काटा आला, धुरपताबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "घे लेका, घे वर!" अनुप ओरडला.

होडी ढगांत स्थिरावली. टिनूनं डोलकाठीकडं पाहिलं. तिथं त्याच्या आईचा फोटो होता. त्याला हार.

माधवीनं रिमोट शोधला, तो परत खाली बसलेल्या काजलच्या बुडाखाली.

"चुकीचं दाखवून राह्यले," अनुप घाईनं म्हणाला. "लिवणाऱ्यानं जुनं पाह्यलंच नसन. आईच्या वेळचं बरोबर होतं." हे तो टीव्हीकडं नव्हे, फरशीकडं पाहून म्हणाला, आणि माधवीला कळलं, यालाही ठाऊक आहे. कधीपासून, कोण जाणे.

"हो ना, नव्याले काई समजतच नाई," तिनंही री ओढली. काजलनं मान डोलावली.

धुरपताबाईनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. सूप बाजूला ठेवलं.

"फोटो बरोबर हाये," ती म्हणाली. "वार्डात टीव्हीच नव्हता. मी काईच पाह्यलं नाई कधी. नर्सबाईच्या पोरीनं सांगतलं, पोराची माय पुरात गेली म्हणून. तुमी दोघं अंधारात माही वाट पाहून राह्यले होते. दारात उभी राहून तुमाले कसं सांगू, माय मेली म्हणून?"