देवळाच्या पटांगणातला सोलर ड्रायर

मी एक जुना सोलर ड्रायर आहे. उन्हाच्या तापावर मासे सुकवायचे, एवढंच माझं काम. वीज लागत नाही, धूर होत नाही, आणि माझी कुरकुर तर मुळीच नसते. मित्रांनो, जुना म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझा पत्रा अजून ठणठणीत आहे आणि काचेला साधा चरा नाही. पण मधली बरीच वर्षं मी फुकट घालवली, आणि ती संपली तेजस्वीच्या शिक्षणामुळे. त्यामुळे माझी गोष्ट सांगायची तर तिचीही सांगावी लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, त्याला काळा रंग दिला, आत जाळीचे खण बसवले, वर तिरकी काच चढवली. एका परदेशी मदत योजनेने मला विकत घेतलं आणि टेम्पोत घालून रत्नागिरीला आणलं. तिथून माझी रवानगी झाली गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका कोळीवाड्यात. तिथल्या बायका वाळूवर जवळा नि बांगडे सुकवायच्या आणि दिवसभर कावळे, कुत्री हाकत बसायच्या. सुक्या मासळीत वाळू कचकचायची ती वेगळीच. म्हणजे माझी गरज होती, यात शंका नाही.

मला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. सपाट, दिवसभर उन्हाची आणि कोणाच्या एकट्याच्या मालकीची नसलेली जागा एकच होती, मारुतीच्या देवळाचं पटांगण. "इथे चालेल ना?" योजनेच्या साहेबांनी विचारलं. "व्हय, व्हय," बायका म्हणाल्या. नारळ फुटला, फीत कापली, फोटो निघाले. माझ्या अंगावर इंग्रजी पाटी लागली. मी असा काही फुगलो की विचारू नका!

आणि मग कोणी फिरकलंच नाही. साहेब गेले, पाटीचा रंग उडाला, दाराची कडी सैल झाली. गुरवाच्या तांबड्या कोंबडीने मात्र माझा गुण ओळखला. उबदार जागा, वर जाळी. ती माझ्या खालच्या खणात खुशाल अंडी घालू लागली. मासे सुकवायला जन्मलेला मी, अंडी सांभाळू लागलो. फार वाईट वाटायचं हो.

तेजस्वी याच वाडीतली. बाप बोटीवर, आई मासळी विकणारी. पोर शिकली, रत्नागिरीत एका संस्थेत नोकरीला लागली, आणि नोकरी सांभाळून एका परदेशी विद्यापीठातून आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एम. ए. करू लागली. एका देशाने दुसऱ्याला केलेली मदत खरंच उपयोगी पडते का, याचा तो अभ्यास. वाडीत मोबाईलला रेंज फक्त देवळाच्या पायरीवर, त्यामुळे तिचा वर्ग भरायचा माझ्यासमोर. लॅपटॉपवर एक प्राध्यापक मॅडम शिकवायच्या, केनियाच्या. हा सगळा इंग्रजी कारभार मला समजायचा. माझ्या अंगावरच्या सूचना त्याच भाषेत आहेत ना!

प्रबंधासाठी तिने निवडलं मलाच. मुदतवाढ तिने एकदा घेतली होती, दुसरी मिळणार नव्हती. या वेळी प्रबंध नापास झाला की पदवी हुकली, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि वाडीलाही.

तिने बायकांना पटांगणात बोलावलं त्या दिवशी सकाळीच कोणीतरी मला खसाखसा धुतलं. अंडी उचलली, कोंबडी हाकलली, झेंडूचा हार घातला. तेजस्वीने विचारलं, "ड्रायरचा उपयोग होतो?" "व्हय!" "मासळी चांगली सुकते?" "व्हय!" "बाजारात भाव मिळतो?" "मिलतो तर!" सगळ्यांचा आवाज एक, आणि बचतगटाच्या अध्यक्ष हौसाकाकीचा सगळ्यांत मोठा. मी हारात गुदमरत होतो. पण मला तोंड कुठे आहे?

तेजस्वीने मसुदा लिहिला, त्यात योजना यशस्वी झाली म्हणून ठणकावून सांगितलं आणि तो मॅडमना पाठवून दिला. मॅडम खूष.

काही दिवसांनी ती माझ्या आतल्या जाळीचे फोटो काढायला आली. दार उघडून तिने डोकं आत घातलं आणि तशीच थांबली. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. जिची आई मासळी विकते त्या पोरीच्या नाकाला कोण फसवणार? सुकलेल्या झेंडूचा वास होता, कोंबडीचा होता. माशाचा औषधालाही नव्हता.

तेवढ्यात देवळाच्या गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणाच्या बाहेरून, हौसाकाकी डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. तेजस्वीने हाक मारली, "काकी, आत ये गो जरा!"

"आत कशी येव? टोपली हाय ना डोकीवर!" काकी बाहेरच उभी राहिली. "मासली घेवन देवाच्या दारात कोन येतो काय?"

बोलून गेली आणि काकीने जीभ चावली. तेजस्वी माझ्याकडे बघत राहिली, मग मारुतीकडे, मग काकीच्या टोपलीकडे. मासळीच्या टोपल्या याच गडग्याला वळसा घालून जाताना तीही जन्मभर बघत आली होती. तरी मला इथे बघून तिला कधी काही खटकलं नव्हतं.

"मग साहेबांना तेव्हाच का नाय सांगितलंत?"

"पावना लांबसून आलेला, काय तरी देतो हाय. तेना नाय कसा म्हनायचा?"

"आणि मला?"

काकीचा आवाज एकदम खाली आला. "तू पास व्हायला पायजेस म्हनून, बाय. आमी सगल्यांनी ठरवलेला. तुजा वाकडा व्हावा असा कोनाला वाटल काय?"

तेजस्वीला रडू आलं आणि रागही आला. मला दोन्ही दिसत होतं. एवढी माया कोणी केली तर तिच्यावर ओरडायचं तरी कसं? ती पायरीवर बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "काकी, तुमच्या खोट्या व्हयवर मिळालेली पदवी मी भिंतीवर कुठल्या तोंडाने लावू? आता खरं सांगा. एकेकीकडे येते मी."

आणि ती गेली. चुलीपाशी, होडीपाशी, मासे निवडताना, एकेकीशी बोलली. चारचौघींत होकार देणाऱ्या बायका एकट्या असताना भडाभडा बोलल्या. प्रबंधाचा विषयच बदलला. योजना चालली का, हे बाजूला राहिलं. मदत देताना लोकांना नाही म्हणता येईल अशी जागा आपण ठेवतो का, हा प्रश्न पुढे आला. मॅडमनी बजावलं, इतक्या उशिरा उलटं लिहिणं धोक्याचं आहे. तेजस्वी म्हणाली, "माहीत आहे, मॅडम." आणि लिहीत राहिली.

तोंडी परीक्षाही याच पायरीवर झाली. हौसाकाकी, वाडीतली म्हातारी सगुणाआजी आणि बाकीच्या बायका गडग्याबाहेर टोपल्या ठेवून, हात धुऊन आत येऊन बसल्या होत्या. पडद्यावरच्या परीक्षकांनी नेमकं बोट ठेवलं. पहिला मसुदा एक सांगतो, दुसरा भलतंच. विश्वास कशावर ठेवायचा?

तेजस्वी जराही अडखळली नाही. "पहिला मी नुसता ऐकून लिहिला," ती म्हणाली. "दुसरा मात्र ड्रायरमध्ये डोकं घालून लिहिला. फसलेल्या योजनेतही माझी माणसं मला जपत होती, तेही त्यात लिहिलंय. ते वगळून मला पदवी नको."

परीक्षक आपसात बोलले. माझा पत्रा तापलेला होता, तरी मला थंडी वाजल्यासारखं झालं. मग मॅडमचा चेहरा हसला आणि बायकांना इंग्रजी न कळताही सगळं कळलं. हौसाकाकीने तेजस्वीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. पोर पास झाली, तीही चांगल्या गुणांनी.

पुढच्याच आठवड्यात वाडीने मला उचललं. या वेळी जागा बायकांनी दाखवली, बंदराजवळ, माशांची निवड चालते तिथे. नारळ नाही, फीत नाही. सगुणाआजीने मिठातले बांगडे खणात मांडले, संध्याकाळी एक काढून मोडून बघितला, चावला आणि तोंड वाकडं केलं.

"कडक व्हतात जरा. नि खालचा खन वाकडा हाय, तो आदी सरल कर," ती तेजस्वीला म्हणाली.

मित्रांनो, फीत कापताना झालेलं माझं सगळं कौतुक मी त्या तक्रारीवरून ओवाळून टाकलं. कारण तक्रार तोच करतो, ज्याला ती वस्तू उद्याही वापरायची असते. खण सरळ झाला. आता मला माशांचा असा काही वास येतो की एकही कोंबडी जवळ फिरकत नाही. तुम्ही शिकून मोठे व्हाल, कोणाला काही द्यायला जाल. तेव्हा माझी एक विनंती ध्यानात ठेवा. द्यायच्या आधी समोरच्याला नाही म्हणू द्या, आणि दिल्यानंतर हार घालायला येऊ नका, दार उघडून बघायला या.